सगळं काकांच्या नावावर

मी काय काम करतो हे मला आजवर एकाही माणसाला नीट समजावून सांगता आलेलं नाही. गंमत म्हणजे समजावून सांगणं हेच माझं काम आहे. जगभरचे प्रोग्रॅमर लोक एक अवजार वापरतात. कोणत्या फाइलमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ते ठेवतं, आणि घोळ झाला तर जुन्या आवृत्तीवर परत जाऊ देतं. ते अवजार मी बनवत नाही. बनवणारे लोक फार हुशार असतात. ते कसं वापरायचं हे सांगणारी पानं, म्हणजे त्याचं डॉक्युमेंटेशन, मी सांभाळतो. तेही शहापुरात, हायवेला लागून असलेल्या घरात, ट्रकांचे हॉर्न ऐकत.

सांभाळतो म्हणजे काय, तर हे हुशार लोक दर काही महिन्यांनी अवजारात बदल करतात. काल चालणारी कमांड आज चालत नाही. त्याला ते ‘किरकोळ सुधारणा’ म्हणतात आणि झोपायला जातात. मग मी पानापानातून ती कमांड शोधत हिंडतो. एवढं करून ती पानं वाचतं कोण? सगळं सुरळीत असताना कोणीही नाही. सगळं बुडाल्यावर लोक येतात, घाईत वाचतात, अर्धं वाचतात आणि मला शिव्या घालतात. ‘तुमचं पान वाचलं म्हणून माझं काही बिघडलं नाही,’ असा निरोप मला एकदाही आलेला नाही. माझ्या वडिलांनी एकदा सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मंग तू मशीनच काहून नाही बनवत? प्रश्न रास्त होता, म्हणून मी जेवायला उठलो.

त्यात मला मराठी आवृत्ती काढायची खाज सुटली. या सगळ्या प्रकल्पाच्या मुख्य एक बाई आहेत. कुठल्याशा थंड देशात राहतात आणि फार गोड बोलतात. त्यांनी लगेच होकार दिला, कारण त्यात त्यांचं काहीच जात नव्हतं. आम्ही मदतीचं आवाहन केलं, तर मोठ्या शहरांतून उत्साही मंडळी धावून आली. त्यांनी ऑनलाइन बैठका घेतल्या. ‘मर्ज’ला, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करण्याला, विलीनीकरण म्हणावं की संमीलन, यावर दोन गट पडले. दोन्ही गट मातृभाषेसाठी प्राण द्यायला तयार होते, पान लिहायला मात्र कोणी तयार नव्हतं. पावसाळा संपेस्तोवर सगळे अंतर्धान पावले, आणि मी पुन्हा एकटा उरलो.

अशात एक दिवस आमच्याच जिल्ह्यातल्या पवनीहून एक दुरुस्ती आली. माझ्याच एका पानात मी दोन पायऱ्या उलट्या क्रमाने लिहिल्या होत्या, त्या कोणीतरी सरळ करून पाठवल्या. भाषण नाही, मातृभाषा नाही, नुसती दुरुस्ती. दुसऱ्या आठवड्यात एक अख्खं पान मराठीत होऊन आलं. मग पानं येतच राहिली. आणि काय मराठी होतं ते! ‘विलीनीकरण’ वगैरे भानगड नाही. दोन बांध्यांमधली, म्हणजे धानाच्या दोन खाचरांमधली, धुरी (मातीचा बांध) फोडून पाणी एक करावं तसे दोघांचे बदल एकत्र होतात, असं सरळ लिहिलं होतं. धानाच्या शेतात एकदा तरी उभ्या राहिलेल्या माणसाला ते पहिल्या वाचनात कळलं असतं. मला तर बाप्पा, हेवाच वाटला.

नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव पुरुषाचं होतं. आमच्या प्रकल्पात चर्चा इंग्रजीतच करायची असा नियम आहे, म्हणून मी त्यांना अदबीनं ‘सर’ लिहायचो आणि तिकडून तितक्याच अदबीनं, मोजकं उत्तर यायचं. मी मनाशी चित्र रंगवून टाकलं होतं. पवनीत कोणी रिटायर झालेले इंजिनीअर असावेत, सकाळी फिरायला जात असावेत, चष्मा पुसत बसून माझी पानं सुधारत असावेत. जिल्ह्यात आपल्या जोडीला एक तरी शहाणा माणूस आहे, या कल्पनेनं मी खूश होतो.

पुढे बाईंनी जाहीर केलं की भाषांतराचं काम करणाऱ्यांपैकी काही जणांना वर्षभरासाठी पगारावर घेणार. घरून करायचं काम, चांगला पगार. अट एकच, नोंदीत त्या माणसाच्या नावावर काम दिसलं पाहिजे. मी पवनीच्या सरांची जोरदार शिफारस केली. बाईंनी त्यांना एक सुंदर आभारपत्र पाठवलं. आठ-दहा दिवसांनी आमच्या जिल्ह्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो झळकला: ‘पवनीच्या सुपुत्राची जागतिक भरारी’. शाल, श्रीफळ, गळ्यात हार आणि हातात ते आभारपत्र, लॅमिनेशन केलेलं. माझा ऊर भरून आला. म्हटलं, आता या माणसाला भेटलंच पाहिजे.

पत्ता विचारत गेलो तो एका ऑनलाइन सेंटरवर पोचलो. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पीकविमा, आधार, सगळं मिळेल. दुकानात हीऽ गर्दी. काउंटरमागे फोटोतलेच काका बसले होते, आणि डोक्यामागे भिंतीवर आभारपत्र टांगलं होतं. मी हात जोडून माझी ओळख दिली. काकांनी माझ्याकडे वर न पाहता विचारलं, “सातबारा का आधार?”

मी हसलो. म्हटलं थोरांची विनोदबुद्धी. मग मी त्यांच्या शेवटच्या पानाबद्दल बोलायला लागलो, ती धुरीची उपमा मला किती आवडली वगैरे. काका माझ्याकडे असे बघत राहिले की मला स्वतःचीच शंका यायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसलेली एक मुलगी वळली. ती हळूच म्हणाली की सर, ते पान माझं आहे.

मुलगी जवळच्या आसगावची. पवनीच्या कॉलेजात बी.एस्सी. झालेली, घरी धानाची शेती, लॅपटॉप नाही. सेंटरवर दुपारी टायपिंगला मदत करायची आणि त्या बदल्यात उरलेला वेळ कॉम्प्युटर वापरायची. तिथेच तिनं आमचं अवजार डाउनलोड केलं होतं. माझ्या पहिल्याच पानावर, ज्याचा मला फार अभिमान आहे, लिहिलेलं आहे: अवजाराला आधी नाव आणि ई-मेल सांगा, पुढचा प्रत्येक बदल त्याच नावावर चढेल. तिनं ते पान मन लावून वाचलं. आणि त्या दुकानात प्रत्येक फॉर्मवर जे भरतात तेच भरलं.

आता हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे ऑनलाइन फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ई-मेल सेंटरवाल्याचाच टाकतात. पद्धतच आहे. लोकांचे नंबर बदलतात, रिचार्ज संपतात, ई-मेल कोणाला पाहिजे? म्हणून अर्ध्या तालुक्याचे ओटीपी या काकांच्या फोनवर येतात. स्कॉलरशिप काकांच्या नंबरवर, पीकविमा काकांच्या नंबरवर, कोणाचं लग्न नोंदवायचं तर तेही काकांच्या नंबरवर. अवजारानं नाव विचारलं तेव्हा तिला वाटलं, हाही एक फॉर्म. टाकलं काकांचं नाव, काकांचा ई-मेल. आणि मी बसलो होतो झेरॉक्सवाल्याला ‘सर, सर’ करत.

मी विचारलं, अगं मग बोललीस का नाही? ती म्हणाली की तुम्ही सगळ्यांनाच सर लिहिता असं वाटलं. आभारपत्र आलं ते काकांच्या मेलवर. इंग्रजीत होतं, वर काकांचं नाव होतं, म्हणून काकांनी प्रिंट काढून लॅमिनेट केलं. पगारी कामाचं तिला मी बोलेपर्यंत ठाऊकच नव्हतं. ते ऐकल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. घरचे पुण्याला पाठवायला तयार नव्हते, नागपूरलाही नाही. आसगावात बसून करता येईल असं हे एकच काम होतं, आणि ते तिनं आधीच करून ठेवलं होतं, दुसऱ्याच्या नावावर.

मला भयंकर राग आला, आणि राग धरायला माणूस सापडेना. मी तिथूनच बाईंना लिहिलं. बाईंनी गोड उत्तर दिलं. झालेली नोंद बदलता येत नाही, तीच तर या अवजाराची शान आहे. मात्र नावदुरुस्तीची एक वेगळी फाइल असते. अमक्या नावावरचं काम खरं तमक्याचं आहे असं तिच्यात लिहिलं की सगळीकडे बरोबर नाव दिसतं. फक्त ज्याचं नाव आहे त्या माणसानं त्याच ई-मेलवरून तसं कळवलं पाहिजे, आणि शुक्रवारच्या आत, कारण पगारी कामाची यादी तेव्हा पक्की होणार होती. खाली त्यांनी वाचनासाठी एक पानही सुचवलं होतं. ते पान मीच लिहिलेलं होतं.

त्या दिवशी गुरुवार होता. काका चहाला बाहेर गेले होते. त्यांचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता, दुकानात येणाऱ्या शेळ्यांनाही तो पाठ असावा. मी मुलीला म्हटलं, दोन ओळी लिही त्यांच्या मेलवरून आणि पाठवून दे. विषय संपला. ज्यानं शाल घेतली तो आता सुखासुखी कबूल करणार आहे का?

ती की-बोर्डवरून हात काढून बसली.

“सर, काकाच्या नावानं लिहून लिहूनच तर हे झालं,” ती म्हणाली. “आता अजून त्याहीच्याच नावानं कायले लिहू?”

नावाचं महत्त्व सांगणारी इतकी पानं लिहिली मी, आणि सल्ला काय दिला, तर हा.

काका आले. तिनं उभं राहून सगळं सांगितलं, घाबरत, पण एकही गोष्ट न गाळता. गर्दी कान टवकारून ऐकत होती. काका आधी भडकले. म्हणजे मी चोर का, म्हणाले. अख्खा तालुका माह्या नंबरवर चालते, आजपर्यंत कोणी असं म्हटलं नाही. मी कोणाकडं गेलो होतो का हार मागाले? खरं सांगायचं तर गेले नव्हते. हार घालणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं. आपल्याकडे हार आधी येतो आणि कारण मागून येतं, कधी येतही नाही. मुलगी फक्त एवढंच म्हणाली की काका, तुम्ही काही घेतलं असं मी म्हणतच नाही.

काका काउंटरवर हात टेकून उभे राहिले. एकदा भिंतीवरच्या आभारपत्राकडे पाहिलं. मग रांगेला म्हणाले, सर्व्हर डाउन आहे, उद्या या. सर्व्हर चालू होता, मला समोर दिसत होता. लोक कुरकुरत गेले. काकांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, काय लिहायचं ते सांगा. मुलगी टाइप करायला पुढे झाली, तर त्यांनी तिला हातानं थांबवलं. “मीच लिवतो. नाहीतं हेही तुह्यंच होईन.”

ती मेल चालली, मुलीला काम मिळालं, हे आत्ताच सांगून टाकतो. आता ती माझी पानं तपासते आणि ‘हे कोणाला कळेल?’ असं विचारून परत पाठवते. पण माझ्या डोक्यातून जात नाही ती त्या दुपारची पुढची पाच-दहा मिनिटं.

काका मराठीतच लिहीत होते, एका बोटानं; खाली इंग्रजी मी जोडणार होतो. ‘मी झेरॉक्सचं दुकान चालवतो. माझ्या नावानं जे काम दिसते ते मी केलं नाही. मला ते समजतही नाही. ते काम आमच्या इथल्या एका मुलीनं केलं आहे, तिचं नाव...’ इथे त्यांचं बोट थांबलं. या माणसानं तिचा दहावीनंतरचा प्रवेशाचा फॉर्म भरला होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिप, कॉलेज, परीक्षा, सगळं यांच्या हातून गेलं होतं. रोज दुपारी ती त्यांच्यापासून चार हातांवर बसत होती. काकांनी मान वळवली. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांची दया आली.

“पोरी,” ते म्हणाले, “तुह्यं पूरं नाव काय आहे?”

तिनं सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव, अगदी सावकाश. काकांनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं आणि पडदा तिच्याकडे वळवून म्हणाले, बरोबर आहे का पाहून घे. तिघांनाही वाचायला एक क्षण पुरला असता. पण ती पाहतच राहिली, आणि पाठवा असं म्हणायला आम्ही दोघांनीही तिला घाई केली नाही.