वीतभर फट

श्रीहरी रामटेके गवंड्याला फट सहन होत नसे. अहेरीच्या आसपास चाळीस वर्षं त्यानं भिंती उभ्या केल्या, पण एकीला तरी भेग गेलेली कुणी दाखवावी! लोक म्हणायचे, हा दोन दातांमधली फटसुद्धा सिमेंटनं बुजवेल.

त्याची मुलगी सत्यशीला पुलांची इंजिनिअर झाली. गावाजवळच्या नव्या पुलाचा आराखडा तिचाच, म्हणून बाप छाती काढून फिरे. पूल उभा राहिला, पण दोन्ही टोकांना रस्ता आणि पूल यांच्यामध्ये वीतभर फट तशीच राहिली. चहाच्या टपरीवर गावातल्या दसरूनं तोंड उघडलंच.

"श्रीहरीभाऊ, तुमच्या पोरीनं पूल आखूड केला नं!"

सगळे हसले. श्रीहरीही हसला, पण चहा अर्धाच ठेवून उठला. चार दिवसांनी मोठे साहेब पाहणीला येणार होते. पोरीची शोभा होईल या धास्तीनं रविवारी, काम बंद असताना, तो एकटाच पुलावर गेला. फटींत पोती ठासली, वर खडी-सिमेंट भरलं, घोटून गुळगुळीत केलं. इतकं पक्कं काम त्यानं जन्मात केलं नसेल.

बुधवारी सत्यशीला आली आणि तिनं वाकून सिमेंट ठोकून पाहिलं.

"कोनं केलं हे?"

"मी," श्रीहरी शाबासकीच्या आशेनं म्हणाला.

"बाबा, पुलाखाली रबराचे जाड थर हायेत. भूकंपात जमीन हलते, पन पूल त्या रबरावर हळू डुलते, म्हनून वाचते. त्याले डुलाले जागा लागते. फट मुद्दाम ठेवली होती, वरून लोखंडी पट्टी बसनार होती. आता धक्का आला तं पूल इथीच आदळन."

श्रीहरीनं छिन्नी-हातोडा काढला आणि ठोकायला लागला. सिमेंटचा टवकाही उडेना. आपलं काम कच्चं निघावं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"मले एक फोन काऊन नाई केला?" सत्यशीलानं हळूच विचारलं.

त्याचा हात थांबला.

"मले वाटलं... तुह्यं माप चुकलं."

"दसरू बोलला म्हनून?"

"हो."

"म्हंजे तुमी माही चूक झाकाले आले होते, बाबा."

त्याला वर बघवेना. त्यानं पुन्हा हातोडा उचलला.