माझा पहिला पुश बॅक

"निनाद, तू पुश बॅक करत नाहीस," मार्लूस म्हणाली आणि माझ्या अप्रेझलच्या फॉर्मवरचा एक चौकोन तिने रिकामा ठेवला.

मार्लूस माझी मॅनेजर. इथे परदेशात, युट्रेख्टच्या ऑफिसात मी टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. टेस्ट लीडची, म्हणजे आम्हा टेस्टरांच्या प्रमुखाची जागा लवकरच रिकामी होणार होती आणि सहा वर्षं माझा त्या जागेवर डोळा होता.

पुश बॅक म्हणजे भांडण नव्हे. वरच्याने "शुक्रवारपर्यंत होईल ना?" विचारलं, की "नाही होणार, कारण अमुक," असं शांतपणे सांगायचं. अर्थ मला पक्का ठाऊक होता. जमत नव्हतं, एवढंच. शुक्रवार ऐकला की माझी मान आपोआप हलायची आणि शनिवार-रविवार लॅपटॉप मांडीवर यायचा.

"घरी तर फार सुंदर जमतं तुला," माझी बायको केतकी म्हणाली. "भांड्यांचा विषय काढून बघू का?"

मग तिनेच तालीम घेतली.

"शुक्रवारपर्यंत?"

"नाही... बहुतेक."

"अरे, नकार देतोयस की माफी मागतोयस?"

महिन्याभराने मार्लूसने बोलावलं. मी नकार घोटून गेलो. ती म्हणाली, "टेस्ट लीड म्हणून तुझा विचार करतेय. घेशील?"

आता आमची रीत अशी, की पंगतीत जिलबी आली की आधी ताटावर हात आडवा धरायचा. वाढणारा आग्रह करतो. मग नाइलाज झाल्यासारख्या तीन खायच्या.

"छे, मी कसला लीड," मी म्हणालो. "आपल्या टीममधला युरून माझ्यापेक्षा बरा आहे." आणि आग्रहाची वाट बघत बसलो.

मार्लूसचा चेहरा उजळला. "बघ, जमलं की. याला म्हणतात पुश बॅक." तिने चौकोनात टिक केली.

"म्हणजे, तसं अगदीच नाही..."

"आता कच खाऊ नकोस. छान बोललास."

घरी केतकीने शांतपणे ऐकून घेतलं. "सहा वर्षांत एकदा नाही म्हणालास," ती म्हणाली, "तेही नेमकं इथे."

सोमवारी युरूनने केक आणला. इथे ज्याचं भलं होतं, केक त्यानेच आणायचा असतो. या देशात वाढपी एकदाच फिरतो, हे मला एव्हाना कळलं होतं. त्याने बशी पुढे करताच मी दोन तुकडे उचलले.

"निनाद, शुक्रवारपर्यंत टेस्टिंग होईल ना?" नव्या लीडने विचारलं.

तोंड केकने भरलं होतं. मान तेवढी हलली.