शेजारणीने उकळलेली संत्र्याची साल

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही अजमानला राहायचो. यांची नोकरी दुबईत, पण भाडं परवडावं म्हणून घर अजमानला. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर मला दिवस गेले, आणि पोटात पाणीसुद्धा टिकेना.

शेजारच्या फ्लॅटमध्ये एक चिनी बाई राहायची. शारजातल्या एका चिनी दवाखान्यात ती औषधांच्या पुड्या बांधायची. एकदा जिन्यात तिनं मला भिंत धरून उभं पाहिलं आणि हाताला धरून आत घेऊन गेली. तिनं दोन डबे काढले. एकात पिकल्या संत्र्याची जुनी, सुकवलेली साल. त्यांच्याकडे ती मळमळीवर, कफावर, जड झालेल्या पोटावर देतात. दुसऱ्यात कोवळ्या कडू संत्र्याच्या टणक चकत्या. तो डबा तिनं लगेच बंद केला. मोडक्या इंग्रजीत, खुणा करत समजावलं, की हे जहाल असतं, पोटुशीनं घ्यायचं नाही, ब्लडप्रेशरवाल्यांनीही नाही. सालीचंसुद्धा आधी डॉक्टरांना विचार, म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी थोडं चालेल म्हटलं. मग रोज दुपारी ती साल आणि आलं उकळायची, आम्ही दोघी प्यायचो. मी जेवू लागले. पोटावर हात ठेवून बाळाशी ती तिच्या भाषेत काहीतरी बोलायची.

चौथ्या महिन्यात सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत.

सालीचा यात काही संबंध नाही, असं पुष्कळदा आपोआप होतं, हे डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. पण साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. परक्या बाईच्या हातचं काहीबाही प्यायलीस, म्हणाल्या. मलाही दोष कुणावर तरी ढकलायचाच होता.

हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी ती पेज घेऊन दारात आली. मी तिला आत बोलावलं नाही.

"त्या दुसऱ्या डब्यातलं तर नव्हतं ना घातलंस?" मी विचारलं.

तिला समजायला जरा वेळ लागला. मग ती हळूच म्हणाली, "भांडं एकच. मीपण प्यायले."

पेज दाराशी ठेवून ती गेली.

हे म्हणत राहिले, जाऊन बोल तिच्याशी. मी आज-उद्या करत राहिले. दोन महिन्यांनी तिचं दार सताड उघडं, आत रंगकाम चाललेलं. वॉचमन म्हणाला, व्हिसा खलास, मुल्कात परत गेली. पत्ता त्याच्याकडेही नव्हता.

पुढं मूल झालं नाही. त्या बाळासाठी रडले तेव्हा सगळ्यांनी जवळ घेतलं. तिच्यासाठी रडू येतं तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.