सात बोटं

डाळिंबांच्या शेडमध्ये कुणी चहाला बोलावलं की ती सात बोटं वर करायची. "अजून सात दिवाळ्या, आक्का. मग बसून पिऊ." दर दिवाळीला एक बोट दुमडायचं. चहा मात्र ती घ्यायची नाही.

निमगावच्या त्या शेडमध्ये आम्ही दोघी शेजारी बसून डाळिंबं निवडायचो. चांगलं एका क्रेटात, डागाळलेलं दुसऱ्यात. तिचा नवरा भवानीनगरकडे साखर कारखान्यात होता. पन्नाशीच्या आत दोघांनी काम सोडायचं आणि इंदापूरच्या रस्त्याला घेतलेल्या दहा गुंठ्यांत दोन खोल्या बांधून बसायचं, असं त्यांचं ठरलेलं. उरलेलं सगळं पोस्टात.

मला ते खरं वाटायचं नाही. आमच्याकडे हातपाय थांबले की माणूस थांबतो. चालत्या हातापायांनी कोण बसतं? तुम्ही तरी पाहिलंय का कुणी? यात काहीतरी लपलेलं आहे, असं मी मनात धरून होते.

बायका टोचायच्या, "हंडा घावलाय जणू हिला!"

"हंडा कसला? कंबर हाय," ती म्हणायची. "आमची आई ऊस खुरपून एवढी वाकली, की मरताना तिला पाठीवर निजता आलं न्हाय. कुशीवरच गेली. आमाला सरळ हाय तवर बसायचंय."

म्हणून दोघांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली होती. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, अंग राखायचं. त्याची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी तो बारामतीला थोरल्या भावाकडे जायचा.

एका गुरुवारी मी बहिणीला डोळे दाखवायला बारामतीला घेऊन गेले, तर तो स्टँडवर दिसला. ऊन कलत आलेलं आणि याचे केस ओले, भांग पाडलेला, अंगाला साबणाचा वास. मला बघून त्याने तोंड फिरवलं. भावाकडे जाणारा माणूस दुपारी आंघोळ कशाला करतो? माझ्या मनात एक बाई उभी राहिली. घर, मोरी, टॉवेल, सगळं मीच मांडलं.

पंधरा दिवस गप्प बसले. मी कुणाशी फार बोलत नाही. पण एकदा तिने बोटं वर केली, चार, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वैनी, तुमचं मालक गुरुवारी आंघोळ कुठं करत्यात?"

तिचा अंगठा डाळिंबावर थांबला. "तुमी बी पाह्यलं व्हय?" एवढंच म्हणाली. चांगलं डाळिंब डागाळलेल्यात टाकलं.

पुढच्या गुरुवारी तिने पहिल्यांदा खाडा केला. मला म्हणाली, "चला. एकटीचं पाय उचलत न्हायत."

भावाच्या घरी कळलं, तो तिथे कधी येतच नाही. मग त्याच्या पुतण्याने सांगितलं तिकडे गेलो, बाजारसमितीच्या आवारात. मी मान वर करून बाई शोधत होते. तो ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन ट्रककडे चालला होता, धुळीने पांढरा, निम्मा वाकलेला. कोपऱ्यात नळ होता, नळाशी साबणाची वडी. घरी कळू नये म्हणून धूळ तिथेच धुवायचा.

"खाली ठेवा ते," ती म्हणाली.

त्याने ठेवलं. "दोन दिवाळ्या कमी व्हतील गं."

"आन कंबर? ती कुठल्या पोस्टात मिळती?"

त्याला सरळ उभं राहायला वेळ लागला, ते आम्ही दोघींनी पाहिलं. मला वाटलं होतं तशी बाई निघाली असती तर ती भांडून मोकळी झाली असती.

हमाली सुटली. तोवर साठलेल्या हमालीच्या पैशांनी दोन दिवाळ्या खरंच कमी झाल्या. पण ती बोटं दुमडताना तिच्या तोंडावर हसू नव्हतं. दोन दिवाळ्यांनंतर शेडमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. जायच्या दिवशी तिने चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर घालत. "या कदी," म्हणाली. मी गेले नाही.

परवा इंदापूरच्या एसटीतून त्यांचं घर दिसलं. सकाळचे दहा, आमच्या शेडमध्ये ऐन कामाची वेळ. लिंबाखाली बाज होती. तो बाजेवर पाठीवर निजला होता, अगदी सरळ. कमरेला पट्टा होता. ती उशाशी कप घेऊन बसलेली. सुखाने पडलाय की उठता येत नाही म्हणून, हे मी खिडकीतून मान काढून बघत राहिले, पण कळलं नाही.

तिने मला ओळखलं. हात वर केला. सगळी बोटं दुमडलेली होती.