फक्त हातांचा फोटो

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकींपाशी नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं सांगते — जणू त्याला ठाऊकच नसेल. मग तुम्हाला काहून सांगते? तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून असेल. तुमचं तोंड मला दिसत नाही, म्हणूनही असेल.

मी अकरा वर्षांची होते. निजामाचा अंमल होता आणि माझे वडील बीडच्या डाक बंगल्याच्या बागेत माळी होते. दिसायला मी काडी. पण अक्कल? माझ्याएवढी अक्कल अख्ख्या बीडात कुणाला नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं — तो माणूस म्हणजे मीच.

त्या हिवाळ्यात बंगल्यात एक पोर्तुगीज जोडपं उतरलं. साहेब जुन्या देवळांची मापं काढत लिंबागणेशापर्यंत हिंडायचा. मडम तिपाईवर पेटी ठेवून, काळ्या कापडात डोकं घालून फोटो काढायची. सोबत पेद्रू नावाचा गोव्याचा स्वयंपाकी. त्याची कोकणी आम्हाला अर्धीमुर्धी कळायची. मडमचा एक रिवाज होता — विचारल्याशिवाय ती कुणाचा फोटो काढत नसे. समोर उभी राहायची अन् म्हणायची, "पॉसु तिरार उमा फोतोग्राफिया?" म्हणजे, तुमचा फोटो काढू का? समोरच्यानं मान हलवून नको म्हटलं, की मुकाट पेटी मिटायची.

लोकांना याचं लई हसू यायचं. आमच्याकडे विचारायची पद्धतच कुठे होती? सरकारी माणसाला गाडी लागली की बैलांसकट वेठीला धरून न्यायची. आणि ही बाई गोसाव्याला विचारते, झाडूवालीला विचारते. पेद्रू म्हणायचा, एकदा म्हशीलाही विचारलं होतं.

ते वाक्य मी पाठ केलं. शिवाय 'हो'चा शब्द — 'सिं' — आणि 'नाही'चा, पाण्याचा, अंड्याचा. झालं की. गल्लीभर सांगत सुटले, मला मडमची भाषा येते. एक वाक्य अन् चार शब्दांची पंडितीण! आज ती पोरगी भेटली तर तिची वेणी ओढून विचारीन — बरं बाई, आता लसणाला काय म्हणतात ते सांग.

आमच्या गल्लीत हलिमाबी राहायची. तिचा नवरा युसूफचाचा बाजारात बांगड्या विकायचा, आणि लाखेच्या बांगड्या ती घरात बसून करायची. शेगडीच्या निखाऱ्यावर लाख मऊ करायची, वळायची, भराभर रंग चढवायची. ती पडद्यात असे. परक्या माणसाला तिचा निरोप जायचा तो कुणा पोरीच्या तोंडून, आणि ती पोरगी बहुतेक मीच. खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे मी तिला. माझ्याइतकी आत-बाहेर करायची मुभा दुसऱ्या कुणाला नव्हती.

एकदा पेद्रू तापानं पडला होता, म्हणून मडमला बांगड्यांचं काम दाखवायला मीच घेऊन आले. मडम उंबऱ्याबाहेर थांबली. पडदा थोडा सरकलेला होता. त्यातून तिला हलिमाबीचे हात दिसले, निखाऱ्यावर नाचणारे. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं तिचं ते वाक्य म्हटलं.

मी आत जाऊन सांगितलं. हलिमाबी हसली, जरा विचारात पडली. मग म्हणाली, "हातां का निकालो बोल उसकू. मूं का नक्को." हातांचा काढ म्हणावं, तोंडाचा नको.

मी बाहेर आले. आणि — कसं सांगू? मला हाताचा शब्द येत नव्हता.

बस्, एवढंच होतं हो. स्वतःचा हात वर करून दाखवला असता, तोंडावर पदर ओढून दाखवला असता, तरी पुरलं असतं. दोन हात होते की माझ्याकडे! पण समोरच्या ओट्यावर शेजारच्या दोघीजणी बघत बसलेल्या. भाषा येणारी माणसं मुक्यासारखे हातवारे करतात का? मी मान ताठ केली आणि म्हणाले, "सिं."

मडम आत आली. हलिमाबीनं पदर पुढं ओढला होता, पण शेगडीची धग, त्यातून दोन्ही हात कामात. पदर मागं सरकला. तिनं तो सरकू दिला, कारण तिचा भरवसा होता, की पेटी फक्त हातच बघतेय. लाख बोटाला चिकटली तेव्हा ती खळखळून हसली. तेवढ्यात मडमनं फोटो काढला.

दोन महिन्यांनी तो पाकिटातून बंगल्यावर आला. मडमनं मोठ्या अगत्यानं हलिमाबीसाठी पाठवलेला. बंगल्याच्या शिपायानं पाकीट फोडलं, पहारेकऱ्याला दाखवलं, टांगेवाल्याला दाखवलं, आणि मग भर बाजारात युसूफचाचाच्या हातात दिलं — "घ्या चाचा, तुमच्या घरचं हाय."

चाचानं हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि तिच्या बैठकीवरची खिडकी चिणून टाकली. तिथून पुढे ती भर दुपारी दिव्याच्या उजेडात बांगड्या वळायची.

तिनं मला जवळ बसवून विचारलं, "सगू, तू नीट बोलली थी ना?"

तेव्हा सांगता आलं असतं. तिनं कान पिळला असता, चाचापुढे मला उभं केलं असतं. कदाचित खिडकीच्या विटाही निघाल्या असत्या. मी म्हणाले, "सांगितलं होतं की, खाला. हातांचाच म्हणून बजावलं होतं. तिनंच दगा केला."

हलिमाबी म्हणाली, "मीठा पूछते, अपनाच करते." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर तिनं परक्या बाईला घरात घेतलं नाही. बांगडी भरायला आलेल्या बायकासुद्धा उंबऱ्याबाहेर. आत फक्त मी. तिच्या जगात दगा न देणारी एवढी एकच उरली होती — मी.

पुढच्या हिवाळ्यात मडम पुन्हा आली. या वेळी पेद्रू सोबत होता. हलिमाबीचं दार मी उघडलं. चार वाक्यांत सगळा उलगडा झाला असता. एक जण इकडे, एक जण तिकडे, मधे कोकणी बोलणारा माणूस. मी दार मागं ओढून धरलं आणि म्हणाले, घरात कोणी नाही.

पेद्रूनं विचारलं, "मडम विचारता, फोटो मेळ्ळो? आवडलो?"

मी म्हणाले, "मिळाला. लई आवडला."

त्यानं ते तिला सांगितलं. तिचा चेहरा असा फुलला — तो मला अजून आठवतो, विसरायचा म्हटलं तरी. मग ती दोघं गेली.

आतून हलिमाबीनं विचारलं, "कौन है गे?"

मी म्हणाले, "भिकारीण."

तिनं तव्यावरची भाकरी काढली, तीवर चटणीचा गोळा ठेवला आणि पडद्याआडून हात पुढं केला — "जा, दे उसकू. भुकी होयेंगी."

मी भाकरी घेऊन बाहेर आले. गल्ली रिकामी होती. कोपऱ्यावर गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि उभ्या उभ्या ती सगळी खाल्ली. परत आत जाऊन सांगितलं, खाला, तिनं तुला दुवा दिली.