बालीत न विचारलेला प्रश्न

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

जवाहरनगरच्या फॅक्टरीत माझा एक मित्र शेजारच्या मशीनवर होता. झिंगे, म्हणजे कोळंबी, पोटात गेले की त्याचा गळा सुजायचा. म्हणून तेरवीच्या वरणभाताआधीही तो स्वयंपाक्यापुढे हात जोडायचा, "भाऊ, यात झिंगे तं नाही ना? मले अजून पेन्शन खायची हाय." आम्ही पंगतभर हसायचो. ते हसणं आता फार आठवतं.

मग फॅक्टरीतले आम्ही चौघे बालीला फिरायला गेलो. मला इंग्रजी येतं, ही बातमी मीच पसरवलेली. हॉटेलात जेवण आल्यावर तो म्हणाला, "त्या काउंटरवरच्या बाईले विचारून ये ना गा." मला शब्द जुळवता येईनात. काउंटरवरून नुसती पाण्याची बाटली घेऊन परतलो आणि म्हणालो, "विचारलं. नाहीत."

चटणीत झिंगे होते.

दवाखान्यात बोलता येऊ लागल्यावर तो बाकीच्यांना म्हणाला, "याच्यावर कायले चिडता? यानं तं विचारलं होतं. तिलेच समजलं नसंन."

रिटायर होऊन तो लाखनीला राहतो. बाहेर जेवताना अजूनही आधी माझ्याकडे बघतो. मी मान हलवली की घास उचलतो. आता मी खरंच विचारतो. बालीत विचारलं नव्हतं, एवढं त्याला सांगणं माझ्याकडून बाकी आहे.