पदर मागच्या चाकात

शकुंतलाबाई अपघात बघत नाहीत, वाचतात. नजरबादमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड खोलीत बसून गेली बावीस वर्षं त्या फाइलीतल्या प्रत्येक जखमेला ठरलेला कोड देतात. नुसतं हाड मोडलं एवढ्यावर भागत नाही. माणूस पायी होता की गाडीवर, गाडी चालवत होता की मागे बसला होता, सगळ्याला वेगळा आकडा. काहीच कळलं नाही तर 'नमूद नाही' असाही एक कोड आहे. ती आळशांची सोय, असं म्हणून त्या नव्या मुलींना तो वापरू देत नाहीत.

त्या मंगळवारी भावजयीचीच फाइल टेबलावर आली. वाणीचा जबडा मोडला होता, दात तारांनी बांधून टाकले होते. नंजनगूडच्या रस्त्यावर स्कूटर घसरली. 'रुग्ण स्वतः चालवत होती,' असं डॉक्टर अन्वितांनी लिहिलं होतं, तेही तिच्या नवऱ्याने सांगितलं म्हणून. हा नवरा भुजंगराव, शकुंतलाबाईंचा धाकटा भाऊ. त्याचं खरचटण्यावर निभावलं होतं.

चार दिवस भेटायला येणारा जो तो वाणीलाच बोलून जात होता. या वयात स्कूटरची हौस कशाला? तिचा मुलगा अर्जुन तर म्हणाला, घरी आली की किल्लीच काढून घेतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो शकुंतलाबाईंनी या चार दिवसांत डोळ्यांनी पाहिला.

फाइलीच्या तळाशी अँब्युलन्सवाल्याची चिठ्ठी होती. 'साडीचा पदर मागच्या चाकात अडकलेला, कापून सोडवला.' शकुंतलाबाईंनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. वाणी गाडी चालवायची ती चुडीदार घालून. साडीत तिने कधी हँडल धरलं नव्हतं.

त्यांनी भावाला बाहेर व्हरांड्यात गाठलं. "भुजंगा, खरं सांग. गाडी कोण चालवत होतं?"

उजव्या डोळ्याने दिसेनासं झाल्यावर गाडीला हात लावणार नाही, असं भुजंगरावाने अर्जुनला वचन दिलं होतं.

"अक्का, लिहिलंय ते बिडु गं, राहू दे. सुम्ने, उगाच कशाला उकरतेस? बरी होईल ती."

आपलेच दात, आपलेच ओठ. पण कोड देणाऱ्याने मनाचं काही लिहायचं नसतं, आणि शंका गिळायचीही नसते. शंका आली की डॉक्टरांना विचारायचं. शकुंतलाबाईंनी विचारलं.

संध्याकाळी डॉक्टर अन्विता ती चिठ्ठी घेऊन वॉर्डात आल्या. शकुंतलाबाई दारातच थांबल्या. भुजंगराव खाटेशेजारी बसून रागीची पेज गार करत होता.

"वाणीअम्मा, गाडी तुम्हीच चालवत होता का?"

वाणीने नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग होय म्हणून मान हलवली.

शकुंतलाबाईंना तिचा संताप आला आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. डॉक्टरांनी लिहायला पेन काढलं.

"लिहू नका, मॅडम," भुजंगराव म्हणाला. हातातला चमचा त्याने खाली ठेवला. "गाडी मी..."

वाणीने सलाइनचा हात तसाच उचलून त्याच्या तोंडावर ठेवला. त्याने तो हळूच बाजूला केला, पण सोडला नाही.

"गाडी मी चालवत होतो. ही मागे होती. अर्जुनलाही बोलवा, त्याच्यासमोर सांगतो."